नोव्हेंबर धरून आखा: फिनलंडमधल्या एक्सचेंज सेमिस्टरची तयारी

फिनलंडला एक्सचेंजवर निघालेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जॅकेट कुठलं घेऊ? हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे, त्याचं उत्तर पुढे ‘कपडे’ या भागात येईल. खरी डोकेदुखी दोन ठिकाणी असते. एक, कागदपत्रांचा क्रम. परवाना, विमा आणि खोली एकमेकांत अशी गुंतलेली असतात की एकाला उशीर झाला की बाकीची दोनही रखडतात. दुसरी डोकेदुखी म्हणजे नोव्हेंबर महिना. तेव्हा बर्फ अजून धड पडलेला नसतो, सूर्य मात्र गेलेला असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत असाइनमेंट आणि परीक्षा येऊन बसतात. मी पाहिलेल्या बहुतेकांचं सेमिस्टर थंडीने नाही, या महिन्याने बिघडवलं. म्हणून तयारी करताना नोव्हेंबर डोळ्यांसमोर ठेवा.

सेमिस्टर आणि शहर

शरद सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात सुरू होऊन डिसेंबरात संपतं. वसंत सेमिस्टर जानेवारी ते मे. बहुतेक जण शरद निवडतात, कारण आपल्या अभ्यासक्रमाशी ते बरं जुळतं. तेव्हा जंगलं लाल-पिवळी होतात आणि ब्लूबेरी, लिंगोनबेरी फुकट तोडता येतात, कारण तिथे जंगलात फिरण्याचा आणि रानातली फळं वेचण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण या सेमिस्टरचा प्रवास उजेडाकडून अंधाराकडे होतो. वसंतात उलटं होतं. जानेवारीत काळोखात उतरता, पण दर आठवड्याला दिवस डोळ्यांदेखत वाढतो, बर्फ टिकलेला असतो आणि शेवटी १ मेचा वाप्पु हा विद्यार्थ्यांचा सण मिळतो. निवड तुमच्या हातात असेल तर मी वसंत घ्या म्हणेन.

शहर निवडताना नकाशावरचा अक्षांश बघा, पण त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. हेलसिंकी साधारण ६० अंश उत्तरेला आहे, औलु ६५ अंशांवर आणि रोव्हानिएमी जवळपास आर्क्टिक वृत्ताला टेकलेलं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हेलसिंकीत दिवस सहा तासांहूनही थोडा कमी असतो, रोव्हानिएमीत जेमतेम सव्वादोन तास. अगदी उत्तरेच्या उत्सयोकीत तर जवळजवळ सात आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. या काळाला फिनिश लोक ‘कामोस’ म्हणतात. एवढं वाचून दक्षिणेकडे पळावंसं वाटतं. मात्र दक्षिणेच्या किनाऱ्यावर हिवाळा शून्याच्या आसपास रेंगाळतो. बर्फ पडतो, वितळतो, त्याचा राखाडी चिखल होतो (त्याला ‘लोस्का’ म्हणतात) आणि बुटांत पाणी शिरतं. उत्तरेला उणे पंधरा असलं तरी हवा कोरडी असते आणि जमिनीवरचा पांढरा बर्फ रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड परत फेकतो. उणे पंधराची कोरडी थंडी शून्याच्या ओल्या थंडीपेक्षा सुसह्य असते, यावर तिथे राहिलेल्यांचं सहसा एकमत होतं. किती खाली जाऊ शकतं, याचा अंदाज हवा असेल तर देशातला नीचांक उणे ५१.५ अंश आहे, १९९९ च्या जानेवारीत कित्तिला भागातल्या पोक्का इथे नोंदलेला. विद्यापीठाच्या शहरात तुम्हाला तसलं काही भेटणार नाही.

अर्ज आणि विषय

एक्सचेंजमध्ये थेट परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करता येत नाही. आधी तुमची संस्था तुमचं नाव पाठवते, म्हणजे नॉमिनेशन होतं, आणि मग तिकडून अर्जाची लिंक येते. दोन्हींच्या मुदती वेगळ्या असतात. एक्सचेंज विद्यार्थ्याला तिकडची ट्यूशन फी नसते. युरोपीय संघाबाहेरून येऊन इंग्रजीतली पदवी घेणाऱ्यांना २०१७ पासून फी भरावी लागते, तो नियम तुम्हाला लागू नाही. तुमच्या स्वतःच्या संस्थेची फी मात्र बहुधा चालू राहते.

विषय निवडताना क्रेडिटचा हिशेब नीट समजून घ्या. एका सेमिस्टरला ३० युरोपीय क्रेडिट हा पूर्ण भार. एक क्रेडिट म्हणजे सुमारे २७ तासांचं काम, म्हणजे पाच क्रेडिटच्या विषयाला साधारण १३५ तास. यातले वर्गात जाणारे तास थोडे असतात आणि त्यामुळेच फसायला होतं. वेळापत्रक बघून वाटतं, आठवड्यात चारच लेक्चर, मजा आहे! उरलेले तास वाचन, गटकाम आणि अहवालांत जातात, आणि त्याची आठवण करून द्यायला कोणी येत नाही.

बऱ्याच ठिकाणी सेमिस्टर दोन पिरियडमध्ये विभागलेलं असतं. शरद सेमिस्टरचा दुसरा पिरियड साधारण ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो, म्हणजे थेट काळोखात. म्हणून अवघड विषय पहिल्या पिरियडला घ्या आणि दुसऱ्यात हलके ठेवा. दोन जादा विषयही मंजूर करून ठेवा, कारण विषय ऐनवेळी भरतात, रद्द होतात किंवा फक्त फिनिशमध्ये निघतात. कोणत्या विषयाचे क्रेडिट आपल्याकडे कशाच्या बदल्यात धरले जातील, हे निघण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबू नका, परत येईपर्यंत विभागप्रमुख बदललेले असू शकतात.

परवाना, पैसे, विमा

मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त असेल तर व्हिसा पुरत नाही, अभ्यासासाठीचा निवास परवाना लागतो. १ सप्टेंबर ते १५ डिसेंबर एवढं धरलं तरी १०६ दिवस होतात, त्यामुळे पूर्ण सेमिस्टरला जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाला तो काढावा लागतो. हे काम मिग्री म्हणजे फिनिश इमिग्रेशन सर्व्हिस बघते. अर्ज एंटर फिनलंड या त्यांच्या ऑनलाइन सेवेत भरायचा, फी तिथेच भरायची आणि मग फिनलंडच्या दूतावासाच्या अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात मूळ कागद घेऊन बोटांचे ठसे द्यायला जायचं. या भेटीची वेळ मिळायलाच अनेकदा उशीर होतो. म्हणून स्वीकृतीपत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात अर्ज भरायला बसा.

खात्यात किती पैसे दाखवायचे? नोव्हेंबर २०२४ पासून निकष महिन्याला ८०० युरोंचा आहे, त्याआधी तो ५६० होता. जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचताना हा फरक लक्षात ठेवा, आणि अर्जाच्या दिवशी मिग्रीच्या पानावर आकडा पुन्हा बघा. रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यात आणि काढता येण्यासारखी हवी.

विम्यात बहुतेक चुका होतात. अभ्यास दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर औषधोपचारासाठी किमान १,२०,००० युरोंचं संरक्षण लागतं. दोन वर्षांहून जास्त असेल तर ४०,००० पुरतात. मुक्काम कमी तर विमा मोठा, हे विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. जास्त काळ राहणारे सहसा तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेत सामावले जातात, तुम्ही नाही. स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा ३०० युरोंपेक्षा जास्त नको, आणि विमा पोचण्याच्या दिवसापासून लागू हवा. प्रवास विमा म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या पॉलिसी या अटींत बसतातच असं नाही. पॉलिसीच्या कागदावर युरोतला आकडा आणि तारखा स्वच्छ छापलेल्या असू द्या.

याच अर्जात फिनिश व्यक्तिगत ओळख क्रमांक मागण्याची सोय असते. तिथे खूण करायला विसरू नका. नंतर तो मिळवायला वेगळी खेप पडते आणि बँकेपासून मोबाइल जोडणीपर्यंत जागोजागी तो विचारतात. या परवान्यावर आठवड्याला सरासरी ३० तास काम करता येतं. पण त्या कमाईवर बजेट आखू नका. फिनिश न येणाऱ्याला चार महिन्यांसाठी काम मिळणं सोपं नाही.

खोली

विद्यार्थ्यांची घरं तिथे बहुधा विद्यापीठाची नसतात, शहरातल्या विद्यार्थी गृहसंस्थांची असतात. हेलसिंकी परिसरात होआस, ताम्पेरेत तोआस, तुर्कूत टीवायएस, औलुत प्सोआस, रोव्हानिएमीत दास. अर्ज ऑनलाइन होतो, आणि शरद सेमिस्टरला मागणी सगळ्यात जास्त असते. नॉमिनेशन झालं की स्वीकृतीपत्राची वाट न बघता अर्ज करता येतो का ते तपासा, अनेक ठिकाणी येतो. खोलीची ऑफर आली की उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात आणि ई-मेल स्पॅममध्ये गेलं तर खोली दुसऱ्याला जाते. खासगी खोली घेताना करार आणि घर दोन्ही बघितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणणारा मालक म्हणजे फसवणूकच.

‘रिकामी खोली’ हे शब्द तिथे अगदी शब्दशः घ्यायचे. पलंग नाही, गादी नाही, पडदे नाहीत आणि छताला दिवाही नसतो, फक्त वायरचं टोक लोंबत असतं. फर्निचरसह खोली थोडी महाग पडली तरी एका सेमिस्टरसाठी तीच घ्या. काही विद्यार्थी संघटना भांडी, उशी, पांघरूण असं किट भाड्याने देतात. ते आधी आरक्षित करावं लागतं.

आता माझी चूक सांगतो. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून मी शनिवारी रात्री पोचलो. किल्ल्या देणारं कार्यालय सोमवारी सकाळी उघडणार होतं. दोन रात्रींच्या हॉस्टेलात तिकिटावर वाचवलेले पैसे गेलेच, वर थोडे आणखी गेले. तेव्हा सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान, कामाच्या वेळेत पोचा. नाहीतर तुम्हाला नेमून दिलेल्या ट्यूटरला (हा शिक्षक नसतो, तिथलाच विद्यार्थी असतो) अधिकारपत्र देऊन किल्ली आधी घेऊन ठेवायला सांगा. बहुतेक ट्यूटर आनंदाने करतात.

कपडे

आता जॅकेट. इथून नेऊ नका. शरद सेमिस्टरला जात असाल तर पोचाल तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबर असेल, साधा स्वेटर आणि पावसाळी जॅकेट पुरेल. थंडीचे कपडे तिथेच जुन्या वस्तूंच्या दुकानांत घ्या. त्यांना किर्प्पुतोरी म्हणतात, लाडाने किर्प्पिस. फिनिश रेड क्रॉसची कोन्त्ती ही दुकानं मोठी असतात, विद्यापीठाच्या गटांवरही परत जाणारे विद्यार्थी जॅकेट विकत असतात. त्या हवामानासाठीच बनवलेलं जुनं जॅकेट नव्या पण अंदाजाने घेतलेल्या जॅकेटला भारी पडतं. फक्त थंडी पडण्याआधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला घ्या.

एकच जाड कपडा नको, तीन थर हवेत. अंगाला लागून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो आणि ओला कपडा अंग गार पाडतो. घरात आणि वर्गात वीस-बावीस अंश असतात, म्हणून भरपूर थर घालून दारात उकडण्यापेक्षा पटकन काढता येतील असे घाला. बूट जाड लोकरी मोज्यासह बोटं हलतील इतके मोठे हवेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि दोन मोजे घालूनही पाय गोठतात. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मिटन जास्त ऊब देतात. घरात बूट दारातच काढायचे असतात, तेव्हा मोज्यांना भोकं नसलेली बरी.

पहिले दोन आठवडे

ओरिएंटेशन चुकवू नका. कंटाळवाणं असतं, पण नोंदणी, लायब्ररी, संगणकाचे पासवर्ड सगळं तिथेच होतं आणि सेमिस्टरभरचे मित्रही त्याच आठवड्यात जुळतात. विद्यार्थी संघटनेचं सदस्यत्व घेऊन विद्यार्थी कार्ड काढा. ते दाखवलं की रेल्वेत सवलत मिळते आणि विद्यार्थी भोजनालयात तीन युरोंच्या आसपास पूर्ण जेवण: मुख्य पदार्थ, सॅलड, ब्रेड आणि दूध किंवा पाणी. सरकारी अनुदानामुळे ते एवढ्यात परवडतं. दुपारचं जेवण रोज तिथे घेतलंत तर खर्च आटोक्यात राहतो. भोजनालयं साडेदहा-अकराला सुरू होतात आणि दुपारी लवकर बंद होतात, दोन वाजता जेवायची सवय असेल तर बदलावी लागेल.

नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटल्या आणि कॅन फेकू नका, सुपरमार्केटच्या मशिनमध्ये टाकल्या की पैसे परत मिळतात, कॅनला १५ सेंट, दीड लिटरच्या प्लास्टिक बाटलीला ४०. एका सेमिस्टरसाठी फिनिश बँक खात्याच्या मागे लागू नका. वेळ फार जातो आणि परदेशात चालणाऱ्या कार्डावर काम भागतं. वेळेबद्दल एक गंमत: जुन्या विद्यापीठीय प्रथेप्रमाणे दहाचं लेक्चर बऱ्याचदा सव्वादहाला सुरू होतं. पण ती पंधरा मिनिटं वगळता वेळ म्हणजे वेळ. कोणी घरी सहाला बोलावलं तर सहाला.

नोव्हेंबर

फिनिशमध्ये नोव्हेंबरला ‘मर्रासकू’ म्हणतात, आणि या नावात मरणाचा अर्थ आहे. सप्टेंबरच्या उन्हात हे कळलं की हसू येतं.

सुरुवात हळूच होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम तासभर लवकर येते. महिनाअखेरीला हेलसिंकीतही साडेतीनच्या आत सूर्य मावळतो, तोही ढगांमागे. सकाळचं लेक्चर नसेल तर माणूस अकराला उठतो, आवरेपर्यंत एक वाजतो, आणि उजेड दोनच तास हाती लागतो. मग रात्री झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी बाराला जाग येते. असे दहा दिवस गेले की तुम्ही फिनलंडच्या वेळेप्रमाणे जगतच नसता. मी अनेकांचं हेच होताना पाहिलं, माझंही झालं.

याला उपाय आहे, पण तो ऑक्टोबरातच बसवावा लागतो, कारण नोव्हेंबरात नवीन काही सुरू करायची इच्छाच उरत नाही. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये बाहेर पडण्याचं काहीतरी बंधन घालून घ्या. विषय निवडताना सकाळची लेक्चर मुद्दाम घ्या. तेही नसेल तर दुपारच्या जेवणाला कोणाशी तरी रोजची वेळ ठरवा आणि चालत जा. ढगाळ दुपारचा उजेडसुद्धा खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. सकाळी न्याहारी करताना समोर ठेवायचे खास प्रखर दिवे तिथे सर्रास मिळतात, किर्प्पिसमध्येही. लायब्ररीतही कधीकधी असतो, आधी विचारा.

ड जीवनसत्त्वाबद्दल तिथला सल्ला ठरलेला आहे. दूध, मासे यांतून ते पुरेसं मिळत नसेल तर मोठ्या माणसांनी ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं. फिनिश दुधात ते मिसळलेलं असतं. दूध-मासे खात नसाल तर गोळी घ्या, आणि आधीपासून काही औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि सौना, म्हणजे तापवलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घेत बसायची गरम खोली. विद्यार्थ्यांच्या इमारतीत सहसा असतोच, आठवड्यातली एखादी वेळ सगळ्यांसाठी खुली असते. पहिल्यांदा संकोच वाटतो, कारण स्त्री-पुरुषांच्या वेळा वेगळ्या आणि आत कपड्यांशिवाय जायची रीत आहे. मिश्र वेळ असेल तर स्विमसूट चालतो, आधी विचारून घ्यावं. आत बसायला स्वतःचा छोटा टॉवेल न्या, दगडांवर पाणी टाकण्याआधी बाकीच्यांना विचारा, बाहेर येऊन भरपूर पाणी प्या. एरवी लिफ्टमध्ये एक शब्द न बोलणारा शेजारी तिथे बोलायला लागतो. नोव्हेंबरात आठवड्यातून एक संध्याकाळ सौनाला बांधून घेतली की आठवड्याला आकार येतो.

लॅपलंडच्या, एस्टोनियाच्या सगळ्या सहली सप्टेंबरात उरकू नका. निदान एक नोव्हेंबरच्या मध्यावर ठेवा. आणि नुसता कंटाळा नसून झोप, भूक, अभ्यास सगळंच दोन आठवडे बिघडलेलं असेल तर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांची किंवा अभ्यास सल्लागारांची वेळ मागा. अंधारामुळे येणारा थकवा तिथे सगळ्यांना माहीत आहे, त्यावरून कोणी भुवया उंचावत नाही.

घसरणं, गोठणं आणि दवाखाना

अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने रिफ्लेक्टर लावावा असं फिनलंडचा रहदारी कायदा सांगतो. विद्यापीठात, बँकेत ते फुकट वाटतात. एक जॅकेटला, एक बॅगेला गुडघ्याच्या उंचीवर लोंबेल असा लावा. ओल्या काळ्या रस्त्यावर गडद जॅकेटमधला माणूस चालकाला दिसत नाही.

हाडं मोडतात ती बर्फात नाही, बर्फाच्या पातळ काचेवर. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे घ्या आणि पेंग्विनसारखी छोटी पावलं टाका, हात खिशाबाहेर. गोठलेल्या तळ्यावर तिथले लोक चालताना दिसले तरी नवख्याने दहा सेंटिमीटर घट्ट बर्फाची खात्री असल्याशिवाय उतरू नये. प्रवाहाजवळ आणि पुलाखाली तर नाहीच. गालावर किंवा बोटावर पांढरट, बधिर डाग दिसला तर तो भाग उबदार हाताने झाका आणि आत जा. चोळू नका, बर्फ तर लावूच नका. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते.

जिवावरच्या प्रसंगी ११२. तातडीचं दुखणं आहे पण रुग्णवाहिका लागेल असं नाही, तर आधी ११६११७ वर फोन करा, दवाखान्यात जायचं की थांबायचं ते तिथली नर्स सांगते. वायटीएचएस ही विद्यार्थ्यांची आरोग्यसेवा पदवी घेणाऱ्यांसाठी आहे, एक्सचेंजवाल्यांनी ती गृहीत धरू नये. तुमचा आधार विमाच, त्यामुळे प्रत्येक पावती जपा.

निघताना

२४ डिसेंबरला दुपारपासून शहर बंद होत जातं. दुकानं, बस, सगळं. तेव्हा तिथे असाल तर दोन दिवसांचं जेवण आधी भरून ठेवा. खोली सोडण्याची नोटीस साधारण महिनाभर आधी लागते, मुदतीच्या करारात काय लिहिलंय ते नोव्हेंबरातच वाचा. सफाई मनापासून करा, ओव्हन आणि फ्रिजच्या मागेसुद्धा. नाहीतर डिपॉझिट कापतात. गुणपत्रिका शून्य ते पाच अशा श्रेणीत असते. आपल्याकडे त्याचं रूपांतर कसं होतं ते आधीच विचारून ठेवा, आणि शेवटच्या पिरियडचे निकाल जानेवारीत लागणार असतील तर गुणपत्रिका कुठे पाठवायची ते आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लिहून द्या.

उशी, भांडी, प्रखर दिवा आणि खिळ्यांचे पट्टे बॅगेत कोंबू नका. ट्यूटरकडे देऊन ठेवा. वसंत सेमिस्टरची मुलं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नऊलाही काळोख असताना उतरतात, आणि त्यांच्या खोलीच्या छतालाही वायरचं टोकच लोंबत असतं.